हिंगणघाटची लटकती टोपी

इंग्रजी भाषेशी प्रत्येक मराठी माणसाचं एक खासगी भांडण असतं. कुणाचं उच्चारावरून, कुणाचं स्पेलिंगवरून, तर कुणाचं नुसतंच 'द' कुठे लावायचा आणि कुठे नाही यावरून. आम्ही मराठी माध्यमाचे, त्यातून वर्धा जिल्ह्यातले आणि त्यातूनही बी.कॉम. त्यामुळे आमचं भांडण तिन्ही आघाड्यांवर होतं. पाचवीत एबीसीडीशी ओळख झाली आणि बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षापर्यंत ती नुसती ओळखच राहिली. रस्त्यात दिसली की मान हलवायची आणि पुढे सटकायचं, इतपतच.

पण या भाषेत एक असा खेळ आहे, की ज्यात उच्चार लागत नाही, व्याकरण लागत नाही आणि समोरच्या साहेबाशी बोलावंही लागत नाही. चार-सहा अक्षरं घ्यायची आणि त्यांतून शब्द काढायचे. बस्स! हा खेळ रिकामटेकड्यांचा आहे असं कुणाला वाटेल. पण वाचकहो, तुमच्या-आमच्या देशात हजारो पोरांच्या पोटापाण्याची सोय या खेळाशी बांधलेली आहे. बँकेच्या क्लार्कची परीक्षा देणाऱ्या कुणालाही विचारा. अमुक चार अक्षरांपासून, प्रत्येक अक्षर एकदाच वापरून, अर्थपूर्ण असे किती इंग्रजी शब्द तयार होतील? उत्तरं पाच : एकही नाही, एक, दोन, तीन, तीनपेक्षा जास्त. एवढं ओळखलं की माणूस शेतकऱ्यांना पीककर्जाचे अर्ज वाटायला लायक ठरतो. या दोहोंचा परस्परसंबंध काय, ते मी बँकेत लागल्यापासून शोधतो आहे.

सरकारी बँकांसाठी आयबीपीएसची सामाईक परीक्षा २०११ साली सुरू झाली, तेव्हा मी अठ्ठाविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर उभा होतो. क्लार्कसाठी खुल्या वर्गाची वयोमर्यादा अठ्ठावीसच. म्हणजे माझी ही शेवटची गाडी. ती चुकली की पुढे फक्त शेत. त्या वर्षी वडिलांनी कापूस विकला आणि त्यातून क्लासची फी भरली. पावती माझ्या हातात देताना ते एवढंच म्हणाले, "पाय बाबू, हे तुयं बियाणं हाय." आता बियाण्यावर एवढं दडपण आल्यावर ते उगवणार कसं?

क्लासमध्ये पुढच्या दोन बाकांवर कॉन्व्हेंटची मंडळी बसायची. ती एकमेकांशी भांडायचीसुद्धा इंग्रजीत. आम्ही मागे, पंख्याखाली. सरांनी सुरुवातीला सोपं दिलं : टी, ई, ए. पुढच्या बाकांवरून धडाधड आले : 'टी' म्हणजे चहा, 'ईट' म्हणजे खा, 'एट' म्हणजे खाल्ले. (तीन अक्षरांत बँकेची अख्खी मधली सुट्टी आली, हे मला नोकरी लागल्यावर कळलं.) त्यावर एका चष्मेवाल्याने 'ईटा' नावाचं ग्रीक अक्षरही शब्दकोशात असतं असं सांगून सरांचं डोकं फिरवलं.

मग आलं : ई, ए, आर, टी. पुढून उत्तर आलं, "रेट आणि टिअर. दोन!" 'रेट' म्हणजे भाव, 'टिअर' म्हणजे अश्रू. कापसाच्या मुलखात हे दोन शब्द जोडीनेच फिरतात. सरांनी फळ्यावर दोन लिहिलं. मी उभा राहिलो. सहा महिन्यांत पहिल्यांदा. म्हटलं, "सर, तीन. टेअर."

"टेअर म्हणजे फाडणे. स्पेलिंग टिअरचंच आहे. एकदाच मोजतात."

"तो नाही जी. टी, ए, आर, ई. रिकाम्या बंडीचं वजन."

पुढचे दोन्ही बाक मागे वळले. पण या शब्दाशी माझं लहानपणापासून घरचं येणं-जाणं होतं. कापसाची बंडी काट्यावर आधी भरलेली चढते, मग कापूस उतरवून रिकामी. काट्याच्या पावतीवर तीन रकाने असतात : ग्रॉस, टेअर, नेट. भरलेल्या बंडीतून रिकामी वजा केली की कापूस उरतो. वडिलांच्या खिशातल्या असल्या पावत्यांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहिले होते. सरांनी कपाटातला शब्दकोश काढला, पानं उलटली, चष्मा वर केला आणि फळ्यावरचं दोन पुसून तीन केलं. त्या दिवसापासून क्लासमध्ये माझं नाव 'टेअरभाऊ' पडलं ते पडलंच. पण खरी गोष्ट अशी, की त्या दिवसापासून मला इंग्रजीची भीती वाटेनाशी झाली. या भाषेतल्या एखाद्या शब्दाचा सातबारा आपल्याही नावावर निघू शकतो, हे कळायला मला अठ्ठावीस वर्षं लागली.

नोकरी लागली. लोक नोकरी लागल्यावर परीक्षेची पुस्तकं रद्दीत घालतात. मी पुस्तकं घातली, पण रोग राहिला. काउंटरवर बसलो की समोरच्या स्लिपवरची अक्षरं आपोआप सुटी होऊन नाचायला लागतात. सर्व्हर डाऊन असला (आणि तो बिचारा असतोच) की मी कोऱ्या विड्रॉल स्लिपच्या पाठीवर गावांची नावं इंग्रजीत लिहितो आणि त्यांचे सांधे मोकळे करतो. अशा रीतीने मी आमच्या जिल्ह्याची, आठही तालुक्यांसकट, जी पाहणी केली आहे ती कुठल्याही गॅझेटियरमध्ये मिळायची नाही.

देवळीपासून सुरुवात करू. डी, ई, ओ, एल, आय. पाचही अक्षरं वापरून होतं 'ऑइल्ड', म्हणजे तेल लावलेला. पुन्हा पाचही वापरून 'ओल्डी', म्हणजे जुनं खोड. देवळीच्या ज्या खातेदारांना मी ओळखतो, त्यांना हे दोन्ही शब्द लागू पडतात. सेलूचं इंग्रजी स्पेलिंग शेवटी दोन 'ओ' लावून करतात; ती अक्षरं फिरवली की 'लूज' होतं. आर्वीतून 'व्हाया' निघतं. एके काळी पुलगावहून आर्वीला नॅरोगेजची गाडी जायची आणि आर्वीला रेल्वेने जायचं म्हणजे व्हाया पुलगाव, हे त्या चार अक्षरांना आधीच ठाऊक असावं. कारंज्यात 'राजा' आहे, आणि तो इंग्रजी शब्दकोशातही जसाच्या तसा आहे.

पुलगाव मात्र धोक्याचं गाव निघालं. तिथे 'गन' सापडते. लष्कराचा दारूगोळ्याचा मोठा डेपो तिथेच आहे, तेव्हा ते एक असो. पण त्याच सात अक्षरांत 'लोन' आहे, आणि जुन्या ब्रिटिश स्पेलिंगचा 'जेल'ही आहे. कर्ज आणि तुरुंग एकाच नावात! कर्जाच्या अर्जावर हे छापायला हवं, असं मी आमच्या साहेबांना सुचवलं. साहेबांनी माझी बदली सुचवली.

आता खरी गंमत. आमचा जिल्हा गांधीजींचा, म्हणून इथे दारूबंदी. तरीही मला समुद्रपूरच्या अक्षरांत 'रम' सापडली आणि हिंगणघाटच्या अक्षरांत 'जिन'. ही बातमी मी मोठ्या विश्वासाने आमच्या हेडकॅशिअरना सांगितली. ते मूळचे हिंगणघाटचे. ते म्हणाले, "जिन नाही बाप्पा, जीन! कापसाचं जीन. आमच्या गावात जिनिंग नसतं तं गाव राह्यलं असतं काय?" खरं होतं. हिंगणघाटचा कापूस इंग्रजांच्या काळात गावाच्याच नावाने विलायतेच्या बाजारात ओळखला जायचा. एकच शब्द मला बाटलीत दिसला आणि त्यांना गठाणीत.

मग हेडकॅशिअरांच्या गावासाठी मी पणच केला की हिंगणघाटची सगळीच्या सगळी अक्षरं वापरून दाखवीन. एच, आय, एन, जी, ए, एन, जी, एच, ए, टी. दहा अक्षरं. त्यांत एच, ए, एन आणि जी दोन-दोनदा. कॉमर्सच्या माणसाने हिशेब केल्याशिवाय कामाला हात घालू नये. या अक्षरांच्या वेगवेगळ्या मांडण्या होतात दोन लाख सव्वीस हजार आठशे. एका मांडणीला पाच सेकंद धरले, तर तीनशे पंधरा तास. म्हणजे झोप, जेवण आणि बँक सोडून तेरा दिवस आणि वर तीन तास. बरोबर तेराव्याला सुटका.

पण उत्तर असं मांडणी करकरून सापडत नाही. ते एकदम अंगावर येतं. चौथ्या दिवशी दुपारी एक बाई पासबुक भरायला उभ्या होत्या, प्रिंटर 'खर्र' करून अडकला होता, आणि मला दिसलं : 'हँगिंग हॅट'! लटकती टोपी! दहाच्या दहा अक्षरं, एक कमी नाही, एक जास्त नाही. मी इतक्या जोरात "सापडली!" म्हणून ओरडलो की त्या बाईंना वाटलं त्यांची एफडी सापडली. हेडकॅशिअर उठून आले, त्यांनी एकेक अक्षर पेन्सिलीने खोडून खात्री केली, एकूण जमा-नावे बरोबर आली तेव्हा सही ठोकली, आणि त्या दिवशीचा चहा त्यांच्याकडून झाला. यानंतर समुद्रपूरमधूनही पूर्ण दहा अक्षरांत 'ड्रामा' आणि 'यूसर्प' असे दोन शब्द निघाले. यूसर्प म्हणजे दुसऱ्याची गादी बळकावणं. गादी बळकावण्याचं नाटक! पण राजकारणावर मी बोलत नाही, मी बँकेत आहे.

स्वतः वर्ध्याची अक्षरं मात्र मी बरेच दिवस कुणाला दाखवली नव्हती. कारण त्या नावाची पहिली तीनच अक्षरं पाहा : डब्ल्यू, ए, आर. वॉर! अहिंसेच्या गावाचा आरंभ युद्धाने. त्यातच 'हार्ड' आहे, 'ड्रॉ' आहे, आणि जरा गोड म्हणून 'अवॉर्ड'ही आहे. अवॉर्ड काढला की मागे एकटा 'एच' उरतो. त्याचं काय करायचं? त्याचीही सोय आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात आहे. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या ज्या खेड्यात राहायला गेले त्याचं नाव होतं सेगाव. इकडे बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचं शेगाव. इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोहोंत फरक एका 'एच'चा! गांधीजींची पत्रं शेगावला जायची. शेवटी १९४० साली सेगावचं सेवाग्राम झालं. एका अक्षराने गावाचं नाव बदलायला लावलं, आणि आमची ही म्हणते की अक्षरांच्या नादी लागून कुणाचं भलं झालंय का!

पण सेवाग्राममध्येच मी अडकलो. आठ अक्षरं. शब्द निघाले ते 'ग्रेव्ह', म्हणजे थडगं. 'रेज', म्हणजे संताप. आणि सर्वांत कहर म्हणजे 'सॅव्हेज', म्हणजे रानटी! एस, ए, व्ही, ए, जी, ई. मी तो कागद दुमडत होतो, एवढ्यात पेन्शनवाले आजोबा काउंटरवर आले. खादीचा सदरा, खादीची पिशवी, वय ऐंशीच्या पुढे, दर महिन्याच्या पाच तारखेला पायी येणार. त्यांनी कागद पाहिला.

"काय लिहून राहिले जी?"

मी सांगितलं. जरा घाबरतच. आजोबांनी कागद जवळ घेतला, खिशातून शाईचं पेन काढलं आणि 'सॅव्हेज'मधली मधली दोन अक्षरं, व्ही आणि ए, खोडली. उरलं एस, ए, जी, ई. सेज. म्हणजे ऋषी.

"त्यातला 'वा' काढा," आजोबा म्हणाले, "वाहवा गेली की रानटी माणसाचाबी ऋषी होते. आमच्या आश्रमात हेच तर शिकवत."

मी गप्प. आजोबा पेन्शन मोजून निघाले, ते दारातून परत आले. "आणि बँकेत बसता तरी सांगतो, त्याच अक्षरांत 'सेव्ह' बी आहे. पवनार करून पाहा आता."

पवनार म्हणजे धाम नदीकाठचा विनोबांचा आश्रम. मी लिहिलं : पी, ए, यू, एन, ए, आर. एकच शब्द निघाला, पण सहाही अक्षरांचा : 'पुराण'. शेवटी एक 'ए' लावून इंग्रजी कोशातही तो असाच आहे. मला आता असा संशय आहे, की आजोबांनी हे सगळं १९६० सालीच करून ठेवलं असावं, आणि वाहवा नको म्हणून कुणाला सांगितलं नसावं.

या छंदाला थोर घराणं आहे, हे मी घरी अधूनमधून सांगत असतो. अमेरिकेत १९३० च्या दशकातल्या मंदीत आल्फ्रेड बट्स नावाच्या आर्किटेक्टचं काम गेलं. त्याने वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरची अक्षरं मोजायला घेतली, की कोणतं अक्षर किती वेळा येतं. त्यातून पुढे १९४८ साली 'स्क्रॅबल' या नावाने बाजारात आलेला खेळ निघाला. शंभर सोंगट्या, त्यांत 'ई' बारा, आणि 'क्यू' आणि 'झेड' एकेकच. 'ई'ला एक गुण, 'क्यू'ला दहा. हा हिशेब वाचला तेव्हा मला आमची शाखाच दिसली. जो सगळीकडे राबतो त्याला एक गुण. जो क्वचित दिसतो, आणि दिसला तरी शेजारी 'यू'ला उभा केल्याशिवाय ज्याचं काम होत नाही, त्याला दहा! 'ई' म्हणजे क्लार्क आणि 'क्यू' म्हणजे कोण, ते मी छापील मजकुरात सांगणार नाही.

आपल्याकडे तर सरकारलाही अक्षरांची दखल घ्यावी लागली आहे. शब्दकोड्यांच्या बक्षिसांचं एके काळी असं काही पीक आलं, की १९५५ साली संसदेने बक्षीस स्पर्धांचा कायदाच केला. अक्षरं, शब्द किंवा आकडे जुळवण्यावर आधारलेलं कोणतंही कोडं त्याच्या व्याख्येत बसतं. महिन्याला एक हजार रुपयांच्या वर बक्षीस नाही आणि दोन हजारांच्या वर प्रवेशिका नाहीत. १९५७ साली वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ठरलं, की नशिबावर चाललेली स्पर्धा हा जुगार. खरोखर कौशल्याची असेल तर गोष्ट वेगळी. हे मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं. आमची ही म्हणाली, "तुम्ही निश्चिंत राहा. हजार रुपयांची मर्यादा तुम्ही ओलांडायचे नाही."

आमची मुलगी इंग्रजी माध्यमात, आठवीत. ती रोज सकाळी मोबाइलवर पाच अक्षरांचा शब्द ओळखते. सहा संधी. जॉश वार्डल या गृहस्थाने हा खेळ २०२१ साली लोकांपुढे आणला आणि त्याला स्वतःच्या आडनावावरून 'वर्डल' असं नाव दिलं. आडनावाच्या स्पेलिंगची पहिली चार अक्षरं थेट वर्ध्याची आहेत. गृहस्थ मूळचा आपल्याकडचाच असणार, असं माझं मत आहे. मुलीला ते पटत नाही.

ती मला एकदा म्हणाली, "बाबा, हे मराठीत का नाही खेळत?" खेळून पाहिलं. मराठीत वर्धा म्हणजे अक्षरं दोनच : 'व' आणि 'र्धा'. उलटं केलं तर 'र्धाव'. हे उच्चारताना माझा दात दुखला. आपली अक्षरं इंग्रजीसारखी सुटी होत नाहीत. काना, मात्रा, वेलांटी असा सगळा संसार बरोबर घेऊन हिंडतात. 'चिमा काय कामाची' हे उलटं वाचलं तरी तेच येतं, ते अख्खी अक्षरं अख्खीच फिरवली म्हणून. ज्याचा क्षय होत नाही ते अक्षर, असं आपण उगाच म्हणत नाही.

तेव्हा घरात खेळ इंग्रजीतच चालतो. स्क्रॅबलचा पट आहे, रविवारी दुपारी मांडतो. गेल्या रविवारी मी टी, ए, आर, ई लावलं. मुलीने ताबडतोब हरकत घेतली. "असा शब्दच नाही. टी, ई, ए, आर असतो."

मी शब्दकोश आणायला उठलो. तेवढ्यात ओसरीवरून वडिलांचा आवाज आला. वडील चौथी पास. इंग्रजी म्हणून त्यांना सही करण्यापुरतंही येत नाही.

"काय म्हणते पोरगी? टेअर नाही म्हणते?" ते काठी टेकत आत आले आणि पटाजवळ बसले. "हाय तं! बंडीचं वजन हाय ते, बाई. भरलेली बंडी ग्रॉस, रिकामी बंडी टेअर, मंधातला कापूस नेट."

"आजोबा, तुम्हाला इंग्लिश येतं?"

"तीन शब्द येते," वडील म्हणाले. "ग्रॉस सावकाराचं. नेट व्यापाऱ्याचं. टेअर तेवढं आपलं."

मुलीने हरकत मागे घेतली आणि पटावरच्या त्या चार सोंगट्या आपल्या हाताने नीट सरळ केल्या. मी वहीत गुण मांडले. टी एक, ए एक, आर एक, ई एक. स्क्रॅबलमध्ये या शब्दाला एकूण चार गुण मिळतात.